दोनशे आठ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत, विषय दिलेला नाही. 'तू कॉम्प्युटरवाली, एआयवर बोल' असं दोघातिघांनी सुचवलं. त्यावर हल्ली सगळेच बोलतात. मी निवडणुकीवर बोलणार आहे. पुढच्या रांगेत सरांच्या कपाळावर आठी पडलेली दिसते, पण सर, काळजी करू नका. या मंडपात कमळवाले आहेत, पंजावाले आहेत, घड्याळवाले आणि तुतारीवाले तर कालपर्यंत एका ताटात जेवणारे आहेत. मला आज सगळ्यांबरोबर जेवायचं आहे. म्हणून पक्षाचं बोलत नाही, एका आकड्याचं बोलते. तो आकडा २०८.

२०२४ च्या २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं आणि २३ तारखेला निकाल लागला. साकोलीत काँग्रेसचे नाना पटोले यांना ९६,७९५ मतं मिळाली, भाजपचे अविनाश ब्राह्मणकर यांना ९६,५८७. वजाबाकी करा. आपल्या गणिताच्या सरांच्या सवयीप्रमाणे ताळाही करून बघा. २०८ उरतात. त्या दिवशी अख्ख्या महाराष्ट्रात याहून कमी फरकानं एकच जागा लागली, मालेगाव मध्य, १६२ मतांनी. आणि साकोलीचे हे उमेदवार साधे उमेदवार नव्हते. ते काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष होते. राज्यभर सभा घेत फिरणारा माणूस स्वतःच्या घरच्या मैदानात, दोघांच्या मतांत हजारी जेमतेम एका मतानं वाचला.

तिरोड्याच्या मेळाव्यात साकोलीची गोष्ट कशाला, असं कुणी म्हणेल. आपले आमदार विजय रहांगडाले २०१४, २०१९ आणि २०२४ असे तीनदा सलग निवडून आले आहेत, त्यांच्यावर का नको? त्यांच्यावरही बोलता येईल, पण सरळ लागलेल्या निकालात आमच्यासारख्या आकडे चिवडणाऱ्यांना फारसं काही सापडत नाही. शिवाय पटोले आपल्याला परके नाहीत. तुमसर, भंडारा, साकोली, अर्जुनी-मोरगाव, तिरोडा, गोंदिया अशी सहा विधानसभा क्षेत्रं मिळून आपला लोकसभा मतदारसंघ होतो. २००९ ला आणि २०१४ ला त्यांच्या नावासमोरचं बटण आपल्याही मशीनवर होतं. तेव्हा कुणी कोणतं दाबलं ते विचारत नाही.

आणखी एक धागा आहे. आपली दहावी झाली तेव्हा आपला जिल्हा भंडारा होता. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याच सप्टेंबरात महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका एकत्र झाल्या, आणि आपल्या तुकडीतल्या बहुतेकांनी आयुष्यातलं पहिलं मत तेव्हा दिलं. नाना पटोले पहिल्यांदा आमदार झाले तेही त्याच निवडणुकीत. म्हणजे आपली मतदार म्हणून जेवढी वर्षं झाली, तेवढीच त्यांची आमदारकी सुरू होऊन झाली आहेत.

साकोली तालुक्यातल्या सुकळीचा हा माणूस १९९९ आणि २००४ ला काँग्रेसच्या तिकिटावर लाखांदूरमधून आमदार झाला. नकाशावर आज लाखांदूर मतदारसंघ शोधू नका, सापडणार नाही. २००८ च्या पुनर्रचनेत तो गेला आणि तो भाग साकोलीत आला. आपल्या शेजारचा गोरेगाव मतदारसंघही तेव्हाच गेला. या गेलेल्या जागांकडे मी नंतर येणार आहे, लक्षात ठेवा.

२००९ च्या लोकसभेला काँग्रेस सोडून ते अपक्ष उभे राहिले, प्रफुल्ल पटेलांच्या विरोधात. हरले, पण दुसऱ्या क्रमांकावर आले. अपक्षानं लोकसभेला दुसरा क्रमांक मिळवणं म्हणजे काय, हे सहा विधानसभा क्षेत्रांतल्या गावागावांत फिरलेल्यालाच कळेल. त्याच वर्षी भाजपमध्ये जाऊन साकोलीचे आमदार झाले. २०१४ ला भाजपकडून परत प्रफुल्ल पटेलांच्या समोर, आणि या वेळी जवळपास दीड लाख मतांनी विजय. पाच वर्षांत तोच सामना उलटा लागला. काही जण म्हणतील मोदी लाट. होतीच. पण लाटेवर बसायला आधी पाण्यात उतरलेलं असावं लागतं, आणि ते २००९ ला उतरलेले होते.

डिसेंबर २०१७ मध्ये शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर सरकारशी भांडून त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला आणि काँग्रेसमध्ये परतले. त्यामुळे मे २०१८ ला आपल्याकडे पोटनिवडणूक झाली. ती आठवत असेल. २८ मे, आपल्याकडचं उन्हाळ्यातलं ऊन, आणि व्हीव्हीपॅट मशीन जागोजागी रुसून बसलेली. ३० मे ला ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. आमच्या धंद्यात याला नवल नाही. एसी लावलेल्या खोलीत गुणी बाळासारखं चालणारं यंत्र झेडपी शाळेच्या व्हरांड्यात ठेवलं की त्याचे खरे गुण कळतात. त्यात राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे निवडून आले.

पुढचं भराभर सांगते. २०१९ ला पटोले नागपुरातून गडकरींच्या विरोधात लढले आणि दोन लाखांहून जास्त मतांनी पडले. पाच-सहा महिन्यांत साकोलीत विधानसभेला उभे राहिले, समोर तेव्हाचे राज्यमंत्री परिणय फुके, आणि साडेसहा हजारांच्या आत पण जिंकले. १ डिसेंबर २०१९ ला विधानसभेचे अध्यक्ष झाले, तेही बिनविरोध. फेब्रुवारी २०२१ ला ती खुर्ची सोडून प्रदेशाध्यक्ष झाले.

इथं मला थांबून माझं मत सांगायचं आहे. पटोलेंचं वर्णन लोक 'पक्ष बदलणारे' असं करतात. मला ते तितकंसं महत्त्वाचं वाटत नाही; आपल्या भागात पक्ष बदलण्याची यादी केली तर स्मरणिकेची पानं पुरणार नाहीत. मला त्यांच्यात दिसतो तो खुर्ची सोडणारा माणूस. पक्षाची सोडली, खासदारकीची सोडली, अध्यक्षपदाची सोडली. कधी तो सोडण्यात बाणेदारपणा होता. दीड लाखांनी मिळालेली खासदारकी दीड वर्ष उरलेलं असताना परत करायला छाती लागते, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य करावं. पण प्रत्येक वेळी मागे रिकामी राहिलेली खुर्ची कुणाच्या तरी वाट्याला येते. २०१७ ची आपल्या वाट्याला आली, परत रांगेत उभं राहून. आणि २०२१ ची विधानसभेच्या. फेब्रुवारी २०२१ पासून राहुल नार्वेकरांची निवड होईपर्यंत, म्हणजे जुलै २०२२ पर्यंत, महाराष्ट्राच्या विधानसभेला अध्यक्षच नव्हता. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ काम बघत होते. मधल्या जून महिन्यात राज्यात जे घडलं ते तुम्हाला माहीत आहे. खुर्ची भरलेली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं का, यावर मुंबईत अजून वाद चालतो. मला त्यातला कायदा कळत नाही, पण एवढं कळतं की रात्रपाळीला कुणी नसताना सर्व्हर पडला, तर पहिला प्रश्न रात्रपाळीचाच निघतो.

मग आलं २०२४. जूनमध्ये लोकसभेला काँग्रेसचे महाराष्ट्रातून १३ खासदार निवडून आले, आपल्याकडून प्रशांत पडोळे धरून. प्रदेशाध्यक्षांची कॉलर ताठ. नोव्हेंबरात विधानसभेला अख्ख्या राज्यात मिळून आमदार आले १६. आणि त्या सोळांतले एक हे, २०८ वाले.

त्या संध्याकाळी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी जुंपली होती, ती तुम्ही विसरला नसाल. दोन जण ग्रुप सोडून गेले होते. आज दोघंही समोर शेजारी शेजारी बसले आहेत, बरं वाटतं. एक म्हणत होता, लाडक्या बहिणीनं घात केला, नाहीतर फरक वीस हजारांचा असता. दुसरा म्हणत होता, अपक्षांनी मतं खाल्ली. तिसऱ्याचं म्हणणं, जातीचं गणित बिघडलं. चौथी म्हणाली, हेलिकॉप्टरमधून फिरत बसले, साकोलीकडे बघायला वेळ नव्हता. पाचव्यानं धानाच्या बोनसचा हिशेब मांडला. रात्री साडेअकरापर्यंत प्रत्येकानं आपलं कारण शंभर टक्के खरं असल्याचं सिद्ध केलं.

माझं रोजचं काम हेच आहे. सिस्टिम बंद पडली की ती का पडली हे शोधायचं आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना पानभर लिहून द्यायचं. त्या अनुभवावरून सांगते, फरक इतका कमी असला की प्रत्येकाचं कारण बरोबर निघतं. कारण २०८ मतं हलवण्याएवढी ताकद कशातही असते. एका मोठ्या गावातल्या भांडणात असते. एखाद्या केंद्रावर दुपारी दोन तास रांग अडली, त्यात असते. त्या आठवड्यात धानाची कापणी-मळणी चालली होती, एका बांधावरच्या मजुरांना संध्याकाळी उशीर झाला, त्यात असते. अशा वेळी 'अमुक एका गोष्टीनं निकाल लागला' असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण तसं म्हणणारे आणखी पन्नास जण त्याच्याइतकेच खरे असतात. मग त्या कारणाला कारण म्हणण्यात काय अर्थ राहिला? आणि उलटा निकाल लागला असता, पटोले २०८ नं पडले असते, तर त्याच पाच जणांनी तेच पाच मुद्दे लिहिले असते, फक्त शेवटी 'मी आधीच म्हणालो होतो' जोडून.

२०८ नं पडायला किती माणसं लागली असती, हा हिशेब मात्र करण्यासारखा आहे. दोनशे आठ लागत नाहीत, त्याच्या निम्मी पुरतात. नानाभाऊंना मत दिलेल्यांपैकी १०४ जणांनी ब्राह्मणकरांना दिलं असतं, तर दोघांची मतं ९६,६९१ अशी सारखी झाली असती. मग कायद्यानं निवडणूक अधिकाऱ्यानं चिठ्ठी टाकायची. ही थट्टा नाही, लोकप्रतिनिधित्व कायद्यात तसं लिहिलेलं आहे. २०१७ ला मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात दोन उमेदवारांना सारखी मतं पडली आणि खरोखरच चिठ्ठी काढून नगरसेवक ठरला. साकोलीत एकशेपाचवा माणूस फिरला असता तर चिठ्ठीचीही गरज नव्हती.

राजस्थानातलं उदाहरण याहून बोचरं आहे. २००८ च्या निवडणुकीत तिथले काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष सी. पी. जोशी नाथद्वारातून एका मतानं हरले. एका. त्यांचा पक्ष सत्तेत आला, मुख्यमंत्रिपदासाठी त्यांचं नाव घेतलं जात होतं, आणि ते विधानसभेतच पोचले नाहीत. पटोलेंचं बरोबर उलटं झालं. पक्ष बुडाला, ते तरले. दोन्ही प्रदेशाध्यक्ष, दोघांची नौका राज्यभराच्या वाऱ्यावर नव्हे तर घरच्या घाटावर अडकली.

आता मोजणीबद्दल थोडं, कारण 'तुमचं यंत्र खरं मोजतं का' हे मला लग्नाकार्यातही विचारतात. जणू मीच बनवलं आहे! एवढ्या कमी फरकात काय काय तपासलं जातं ते सांगते. प्रत्येक केंद्रावर मतदान संपलं की किती मतं पडली याचा एक कागद तयार होतो, नमुना १७-क. त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना मिळते. मोजणीच्या दिवशी यंत्र दाखवतं तो आकडा आणि हा कागद जुळायला हवा. टपाली मतं आधी मोजायला घेतात, आणि बाद झालेल्या टपाली मतांपेक्षा विजयाचा फरक कमी असेल तर ती बाद मतं पुन्हा तपासावी लागतात. २०१९ पासून सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या हातानं मोजून यंत्राशी ताडून बघतात. एप्रिल २०२४ मध्ये कोर्टानं सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून, खर्च भरून, पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची सोय दिली. माझं मत विचाराल तर, या सगळ्यात माझा सर्वांत जास्त भरवसा त्या १७-क कागदावर आहे. कागद साधा आहे, गावातला माणूस वाचू शकतो, आणि तो प्रत्येक पक्षाच्या पोराच्या खिशात असतो. अट एवढीच की केंद्रावर शेवटपर्यंत बसणारं पोर पाहिजे. पक्षांना सभेला गर्दी मिळते, संध्याकाळी सहानंतर बाकावर बसायला माणूस मिळत नाही.

आणि एकदा का प्रमाणपत्र हातात पडलं की फरक पुसला जातो. त्याच निवडणुकीत शिरपूरमधून काशीराम पावरा १,४५,९४४ मतांनी निवडून आले, राज्यात सर्वाधिक. सभागृहात त्यांचा हात वर झाला तरी एकच मत मोजलं जातं आणि पटोलेंचाही एकच. पगारही सारखा. आपल्या या भागानं तर मोठमोठ्या माणसांना थोडक्यात अडवलेलं आहे. २००४ ला प्रफुल्ल पटेल शिशुपाल पटलेंकडून तीन हजारांच्या आसपास मतांनी हरले. त्याआधी फार मागे, १९५४ च्या पोटनिवडणुकीत, या भंडारा मतदारसंघातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेला उभे होते आणि हरले. ती त्यांची शेवटची लोकसभा निवडणूक. आपल्या शाळेत नागरिकशास्त्र शिकताना संविधान कुणी लिहिलं हे आपण पाठ केलं, पण ते इथून उभे राहिले होते हे मला मोठेपणी कळलं. आताच्या मुलांना ते आधी कळावं, अशी माझी शाळेला विनंती आहे.

आता आपल्यावर येते.

२०८ माणसं म्हणजे किती? गोंदियाहून सुटणाऱ्या महाराष्ट्र एक्सप्रेसचा विचार करा. जुन्या पद्धतीच्या स्लीपरच्या एका डब्यात ७२ बर्थ. तीन डबे म्हणजे २१६. साकोलीचा निकाल तीन डब्यांत मावतो आणि आठ बर्थ रिकामे राहतात. आणि त्या गाडीत असतं कोण? आपणच. तिरोड्यात वीज तयार होते आणि तिरोड्याची पोरं नोकरीला पुण्याला जातात. या मंडपात हात वर करायला सांगितलं तर निम्म्याहून जास्त जण बाहेरगावी राहणारे निघतील. त्यांतल्या कितीजणांचं नाव अजून इथल्या मतदार यादीत आहे, हे मी सकाळपासून चहाच्या वेळी विचारत होते. बरेच निघाले. काहींचं दोन्हीकडे आहे, हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

दोन्हीकडे नाव असणं कायद्यात बसत नाही. एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात. कायदा असंही म्हणतो की नाव तिथं असावं जिथं तुम्ही सामान्यपणे राहता. गावी घर आहे, बांधी आहे, एवढ्यावर तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. पण तात्पुरते बाहेर गेलात म्हणून तुमचा रहिवास संपतही नाही. ही दोन वाक्यं नीट ऐका, कारण ती दोन वेगळ्या माणसांबद्दल आहेत. पहिलं माझ्यासारखीबद्दल आहे, जी पुण्यात वीस वर्षं राहते, तिथं पाण्याचं बिल भरते आणि दिवाळीला इकडे येते. दुसरं त्या माणसाबद्दल आहे जो रोवणी झाली की नागपूर-हैदराबादला कामाला जातो आणि कापणीला परत येतो. त्याचं घर इथंच आहे, त्याची मुलं इथल्या शाळेत आहेत, दवाखाना बंद असला तर त्याच्याच आईला त्रास होतो. इथल्या आमदाराशी त्याचा संबंध माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. आणि मतदानाला यायला दोघांत पैसे आणि रजा कुणाकडे आहे? माझ्याकडे. कायद्यानं मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी त्यालाही आहे, पण बांधकामाच्या ठेकेदाराला ते जाऊन सांगणार कोण?

निवडणूक आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये यावर एक यंत्र सुचवलं होतं, बाहेरगावी बसून आपल्या मतदारसंघाचं मत देता येईल असं. एका यंत्रात ७२ मतदारसंघ. जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांना ते दाखवायला बोलावलं, विरोधकांनी शंका काढल्या, आणि ते तिथंच राहिलं. इंजिनियर म्हणून मला ते आवडलं होतं. पण पुण्यातल्या एखाद्या केंद्रावर साकोलीच्या उमेदवाराचा प्रतिनिधी कुठून बसणार, तो १७-क कुणाच्या खिशात जाणार, याचं उत्तर त्यात मला दिसलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, आणि ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना पटणार नाही हे मला माहीत आहे. जे कायमचे बाहेर गेलो त्यांनी आपलं नाव जिथं राहतो तिथं न्यावं. आमच्यातल्या एकानं सकाळी मला सुनावलं, 'म्हणजे गावाशी नाळ तोडायची का?' त्याचा मुद्दा हलका नाही, आणि त्याच्या बाजूनं मीच एक आकडा देते. मघाशी लक्षात ठेवा म्हटलं होतं ते हे. २००८ च्या पुनर्रचनेत विदर्भाच्या विधानसभेच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या. राज्याच्या एकूण जागा २८८ च राहिल्या. पुनर्रचना २००१ च्या जनगणनेवर झाली. लोक जिकडे वाढले तिकडे जागा गेल्या. लाखांदूर, गोरेगाव यांच्यासारखी नावं पुसली गेली त्याला तीन डब्यांतून गेलेली आपल्यासारखी माणसं थोडी तरी कारण आहेत. पुढची पुनर्रचना २०२६ नंतरच्या जनगणनेवर व्हायची आहे. तेव्हा आपण कुठं मोजले जाणार? जिथं राहतो तिथं. मतदार यादीत गावचं नाव ठेवून ती जागा परत येणार नाही.

मग नाळ कशानं टिकणार, याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. पण इथल्या पाच वर्षांचा भार जो उचलणार नाही त्यानं इथला आमदार ठरवू नये, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. तीन डबे भरून आपण यायचं, बटण दाबायचं, संध्याकाळच्या गाडीनं परतायचं, आणि धानाची खरेदी अडली की ग्रुपवर 'तुम्ही लोकांनीच निवडला ना' असं लिहायचं, हे मला बरं वाटत नाही. त्यापेक्षा त्या तीन डब्यांचे पैसे गोळा करून नागपूर-हैदराबादच्या साइटवरच्या माणसांना मतदानाच्या आदल्या दिवशी गावी आणता आलं तर? अर्थात उमेदवाराच्या नावानं नाही, कुणाला मत दे हे न सांगता. नाहीतर तो गुन्हा होतो. संस्थेच्या नावानंही करायचं झालं तर नियम आधी विचारून घ्यावे लागतील. आपल्या माजी विद्यार्थी मंडळात दोन वकील आहेत, त्यांनी यावर डोकं चालवावं. फी मिळणार नाही.

परदेशातून आलेल्या तिघांसाठी: तुमच्याकडे भारताचा पासपोर्ट असेल तर पासपोर्टवरच्या पत्त्यावर तुमचं नाव लागू शकतं, अर्ज नमुना ६-अ. मत द्यायला मात्र स्वतः यावं लागतं, पासपोर्ट घेऊन. पोस्टानं नाही, मोबाइलवर तर नाहीच.

नाव दुसरीकडे न्यायचं असेल तर अर्ज नमुना ८. ऑनलाइन भरता येतो. ओटीपी येईपर्यंत धीर धरा, साइट कधीकधी अडते; ती मी बनवलेली नाही. ज्यांना आपलं नाव नक्की कुठं आहे हेच माहीत नाही, त्यांनी मतदार ओळखपत्राचा नंबर घेऊन जेवणानंतर मला भेटा. लॅपटॉप आणला आहे, मंडपाच्या डाव्या बाजूला पंख्याजवळ बसते. दोन्हीकडे नावं असलेल्यांनी आधी या, गर्दी व्हायच्या आत.